अमर्लेच्या माशाची अंत्ययात्रा

अमर्लेने तो मासा किनाऱ्यावर उभा केला आणि तासाभरात अर्धी वस्ती माझ्या दारात. "कोण गेलं गं, ओदारकोर? आम्हाला कसं कळलं नाही?"

मी धुरी द्यायचे मासे भट्टीत लावत होते. डोळ्यांत धूर, हातात खवले, आणि ही माणसं रडायच्या तयारीनेच आलेली. मी म्हटलं, "कोणी गेलेलं नाही. तुम्हीच मला धुराने मारायला निघालात. दारातून बाजूला व्हा, वारा अडतोय."

पण त्यांचंही काही चुकलं नव्हतं. अमर्ले माझ्या मोठ्या भावाची मुलगी. भाऊ जन्मभर शवपेट्या करत आला. कोळ्याला होडीच्या आकाराची, मिरचीवालीला मिरचीच्या आकाराची, कोकोच्या मळेवाल्याला कोकोच्या फळाची. माणूस ज्यात जगला त्यातच त्याला पोचवायचं, ही या किनाऱ्यावरच्या आमच्या गा जमातीची रीत. भाऊ गेल्यावर कारखाना अमर्लेने हातात घेतला. त्या कारखान्यातून मासा बाहेर पडला की आमच्याकडे लोक एकच प्रश्न विचारतात.

हा मासा मात्र लाकडाचा नव्हता. सांगाडा तेवढा लाकडी, बाकी सगळा किनाऱ्यावरचा कचरा. तुटक्या चपला कापून खवले केलेले, बाटल्यांच्या झाकणांचे डोळे, फाटक्या जाळ्यांचे पर, पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या पिशव्या पिळून केलेलं पोट. माणूस आत आडवा मावेल एवढा मोठा. आणि पाठीवर बिजागरीचं झाकण! पोरीला बापाने शिकवलंच तसं. झाकणाशिवाय काही बांधायचं तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

हे सगळं कशासाठी, ते मला माहीत होतं. आमची मोठी जाळी किनाऱ्यावरून ओढतात. पन्नास माणसं गाणं म्हणत दोर खेचतात, आणि हल्ली जाळं वाळूवर आलं की त्यात मासे कमी आणि प्लास्टिकच जास्त. मग काय करतात? मासे वेचतात आणि उरलेलं परत पाण्यात लोटतात. उद्या तेच शेजाऱ्याच्या जाळ्यात. तो परवा ते पुन्हा लोटतो. अमर्ले प्रत्येक होडीपाशी जाऊन सांगून दमली. "बाई, तू पेट्या कर," असं म्हणून लोकांनी तिला वाटेला लावलं. तेव्हा तिने ठरवलं, की तोंडाने ऐकत नाहीत ना, मग डोळ्यांना दिसू दे.

संध्याकाळी नी सोवा आले. आमच्या किनाऱ्याचे मुख्य कोळी; 'नी' हे आम्ही वडीलधाऱ्याला मानाने म्हणतो. समुद्राच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. काठी वाळूत रोवून ते म्हणाले, "रिकामी शवपेटी होड्यांच्या तोंडावर उभी केलीस? रिकामी पेटी माणसाला बोलावते. तुझ्या बापाने हे शिकवलं नाही?"

"नी, ती शवपेटी नाही. मासा आहे."

"झाकण आहे ना?"

अमर्लेने झाकणावर हात ठेवला. नींनी काठी वाळूतून उपटली.

"मंगळवारी सभेत बोलू. तोवर हलवली नाहीस तर बुधवारी होड्या सुटायच्या आधी मी ती पेटवून देईन."

ते गेल्यावर मी तिच्यावर चिडले. "अगं, झाकण काढ आणि मोकळी हो! म्हणावं, शोभेचा मासा आहे. जळलेल्या प्लास्टिकचा धूर माझ्या भट्टीवर आला तर माझा माल कोण घेईल?"

"झाकण काढलं तर ते खेळणं होईल, आत्या. पोरं वर चढतील, लोक हसतील, आठवड्यात विसरतील. आत्ता कोणी हसत नाहीये, बघितलंस?" ती माशाच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "नींना रिकामी नकोय. मग भरते."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज जाळं ओढायच्या वेळी हजर. कोळी कचरा लोटायला लागले की ही कमरेएवढ्या पाण्यात शिरून तो गोणीत भरायची. लाटेने एकदा पाडलं, तोंडात वाळू गेली, थुंकून परत उभी. अयिकवेई तिला चिडवायचा, "काय गं, कुठला मासा धरतेस? आम्हालाही दाखव की!" हा अयिकवेई होडीवर दोर धरतो आणि वस्तीत कोणी गेलं की शवपेटी डोक्यावर घेणाऱ्यांचा म्होरक्याही तोच. ती म्हणायची, "तुझ्याच जाळ्यातला आहे. तुला ओळखता येत नाही एवढंच." हळूहळू माशाचं पोट भरत आलं. मला तिच्यासाठी भीती वाटत होती आणि तिचा अभिमानही. दोन्ही एकदम वाटलं की मी शिव्या देते, तशा दिल्या.

मंगळवारी आमच्याकडे कोणी समुद्रात जात नाही. तो समुद्राच्या विश्रांतीचा दिवस. सगळे पुरुष सावलीत जाळी शिवत बसलेले, मध्ये स्टुलावर नी सोवा. अमर्ले आली, झाकण उघडलं आणि म्हणाली, "बघा. काठोकाठ भरलीय. आता कोणाला बोलावत नाही."

"मग आता काय?" नी म्हणाले.

"आता हा मासा पोटात कचरा भरून अकाली मेलाय. अकाली गेलेल्याला आपण कसं पोचवतो?"

सावलीत कुजबुज झाली. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी वेळेआधी गेलं तर आम्ही माणसांना विचारत बसत नाही. शवपेटी डोक्यावर घेतात आणि तिलाच विचारतात, तुला कोणी नेलं? ती वाहणाऱ्यांना ढकलत नेते. ज्याच्या दारी नेते, त्याने उत्तर द्यायचं.

"ही थट्टा आहे," कोणीतरी ओरडलं.

"थट्टा असेल तर पेटी कुठेच जाणार नाही," अमर्ले म्हणाली. आवाज जरा कापत होता, पण ती बसली नाही. "उचलून बघा."

सगळे नींकडे बघायला लागले. आणि तिथे म्हातारा अडकला. पेटीला विचारू द्यायचं नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे आधीच दोषी ठरतो. नींनी बाटली मागवली, वाळूवर दारूचे थेंब सांडले, पूर्वजांना हाक मारली आणि म्हणाले, "उचला."

अयिकवेई आणि त्याचे पाच जण पुढे आले, हसत हसतच. मासा डोक्यावर चढला. अयिकवेईने रीतीप्रमाणे विचारलं, "सांग, तुला इथवर कोणी आणलं?" क्षणभर काही नाही. मग पेटी झुकली, मागे आली, आणि सहाही जण तडातडा पावलं टाकत निघाले. कुठे? माझ्या दारी!

"अरे नालायकांनो!" मी किंचाळले. "मी काय केलं?"

माझ्या भट्टीशेजारी काळ्या पिशव्यांचा ढीग होता. प्रत्येक गिऱ्हाइकाला मासा त्यातच देते मी. सगळी वस्ती खो खो हसली. मी घाईघाईने ढिगावर टोपली पालथी घातली, पण तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं.

पेटी तिथून वळली. गटाराच्या तोंडाशी थांबली, जिथे सगळ्या गल्ल्यांचा कचरा खाडीत पडतो. मग किनाऱ्यावर आली आणि एका होडीच्या कडेवर आदळली. ती अयिकवेईचीच होडी. पेटीखाली सर्वांत पुढे तोच होता. ते मुद्दाम जात होते की पेटी नेत होती, मी सांगू शकत नाही. पण त्याचं हसू गेलं होतं आणि मान घामाने भिजली होती, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

मग ती नी सोवांच्या घराकडे निघाली. आता कोणी हसेना. उंबऱ्याशी सहाही जणांचे गुडघे वाकले आणि माशाचं डोकं दाराला टेकलं. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस आमच्या पोरीला किनाऱ्यावरून हाकलणार.

नींनी माशाच्या डोक्यावर हात ठेवला. मागून कोणीतरी म्हणालं, "नी, पुरून टाकू या. विषय संपला."

"कुठे पुरता?" नी म्हणाले.

"वाळूत."

"भरती उकरून काढेल."

"खाडीपलीकडे?"

"पहिल्या पावसात परत समुद्रात." ते वळून आमच्या सगळ्यांकडे बघत म्हणाले, "तुमच्यापैकी कोणाच्या अंगणात घेता? सांगा." सगळे एकेक पाऊल मागे सरकले. मीही. "आणि मी म्हणे ती पेटवणार होतो. म्हणजे ओदारकोरच्या धुरात आपण सगळ्यांनी तेच श्वासातून घ्यायचं." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "आपण मेलेल्याला जागा देतो. होडीच्या आकाराच्या पेटीला देतो, कोंबडीच्या आकाराच्या पेटीला देतो. आणि ही आपल्यातच मेलेली, हिला चार हात जमीन मिळत नाही?"

अमर्ले रडत होती. मीही. आता त्यात लाज कसली.

"माझ्या दारातच ठेवा," नी म्हणाले. "येता जाता मला दिसू दे."

बुधवारी जाळं ओढलं तेव्हा ते स्वतः पाण्यात उतरले. ऐंशीच्या घरातला माणूस, कमरेचं वस्त्र मांड्यांपर्यंत गुंडाळलेलं. जाळ्यातून निघालेला सगळा कचरा गोण्यांत भरायला लावला. एका पोराने सवयीने एक बाटली पाण्यात भिरकावली, तर त्याला पोहत जाऊन आणायला लावली. मग गोणी खांद्यावर टाकून कारखान्याच्या दारात आले.

"ती भरली," ते अमर्लेला म्हणाले. "दुसरी बांध."

"कोणता मासा बांधू, नी?"

"मासा नको. होडी बांध. माझ्या होडीच्या मापाची, तिच्यावरचं माझं नाव रंगवलेली."

माझ्या हातातली टोपली खाली पडली. जिवंत माणसाच्या नावाची होडी, म्हणजे स्वतःचीच रिकामी शवपेटी! अमर्लेने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"नाव वाचलं जाईल अशा बाजूला रंगव. आता कचऱ्याचं कोणी विचारलं तर उत्तर मी द्यायचं," नी म्हणाले, आणि गोणी तिच्या पायाशी ओतून परत किनाऱ्याकडे गेले.