विमानाच्या शेपटीवर हात

भातगिरणीमागच्या मैदानात अर्धं वारासिवनी गाव जमलं होतं. मधोमध देवेंद्रचं विमान उभं होतं आणि सारखं बंद पडणाऱ्या इंजिनावरचा देवीचा कोप उतरवायला आलेल्या भोजराज महाराजांचा हात विमानाच्या शेपटीवर होता. पुढे पंख्याकडे जायची त्यांना वरून आज्ञा नव्हती.

"बत्ती बंद! रेडिओ बंद! देवीले उजेड चालत नाही, कलकल चालत नाही!"

विमानात बसलेल्या देवेंद्रनं सगळं बंद केलं. इंजिन सुरू झालं, गरजलं आणि गरजतच राहिलं.

"माय वं!" म्हणत शेजारच्या रुख्माबाईंनी चाकांसमोरच लोटांगण घातलं. त्यांना उचलून बाजूला ठेवावं लागलं.

देवेंद्र दातांचा डॉक्टर. विमान त्यानं स्वतःच्या अंगणात बांधलं होतं. गेल्या महिन्यात हेच इंजिन हवेत बंद पडलं आणि तो धानाच्या शेतात उतरला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. त्याची बायको ऋता हिला मात्र तेव्हापासून काहीच वाटेनासं झालं होतं. राग नाही, रडू नाही. कॉलेजात फिजिक्स शिकवून यायची, भिंतीकडे बघत चहा प्यायची. कधी कधी कपात चहा नसायचा.

आणि महाराज म्हणत होते, आजच उड.

"देवेंद्र, आता दिवे लाव," ऋता म्हणाली.

"काहून?"

"लाव. महाराजांचा हात आहेच."

दिवे लागले, रेडिओ लागला. इंजिन खोकलं आणि मेलं.

"नास्तिकाची सावली पडली!" महाराज कडाडले.

ऋता आपली सावली घेऊन लांब आंब्याखाली जाऊन उभी राहिली. दिवे लावून सुरू केलेलं इंजिन पुन्हा तसंच मेलं. मग दिवे बंद ठेवून महाराजांना चहाला पाठवलं. इंजिन छान चाललं.

ऋता मीटर घेऊन आली. "या इंजिनाचा मेंदू म्हणजे ही डबी. पेट्रोल किती, ठिणगी कधी, ते हीच ठरवते. तिले वीज कमी पडली का ती डुलकी घेते."

"म्हणून तर दोन डब्या, दोन बॅटऱ्या लावल्या मी!"

"हौ. अन् साऱ्यांच्या, वीज परत बॅटरीत नेणाऱ्या वायरी एकाच बोल्टवर. दिव्यांच्या, रेडिओच्याबी."

तिनं बोल्ट खोलला. आत केशरी थर होता.

देवेंद्र खाली पाहू लागला. "दसऱ्याले पूजा केलती. बोल्ट कसायच्या आधी शेंदूर लावला, तेलात कालवून. आतपर्यंत पोचावा म्हणून."

"पोचला. वीज नाही पोचली. दिवे बंद केले का बोल्टवरचा भार कमी होते, मग डबीचं भागते."

चहा पिऊन परतलेल्या महाराजांकडे जीपवाला सुखराम निरखून पाहत होता. "अरे, हा तं बैहरच्या गॅरेजात गाड्यांची वायरिंग करे! माझ्या जीपची यानंच केलती!"

महाराजांनी आकाशाकडे पाहिलं. तिकडून काही आलं नाही. "वायरिंगवाल्याच्या पाया कोण पडते, भाऊ?" एवढं बोलून ते निघून गेले.

ऋतानं बोल्ट घासून लख्ख केला, प्रत्येक डबीला वेगळी जाड वायर आणि वेगळा बोल्ट दिला. सगळे दिवे लावले. मग आळीपाळीनं एकेक बॅटरी, एकेक डबी बंद करून पाहिली. इंजिन चालतच राहिलं. लोकांना हे फारसं आवडलं नाही. ते घरी गेले.

रुख्माबाई थांबल्या. "मंग देवी रागावली नव्हती?"

"नाही, मावशी. रागावली असती तरी बोल्ट साफच करा लागला असता."

"आता उडू?" देवेंद्रनं विचारलं.

"आज नाही. उद्या पुन्हा सगळं तपासू."

तो विमानातून खाली उतरला.

चमत्कार दिसला की एक गोष्ट बदलून पुन्हा बघावं. दिवा लावावा, हात काढायला सांगावं. चमत्कार खरा असेल तर तो टिकेल. खोटा असेल तर निदान माणूस टिकेल.