कापडाच्या कोठारातला दूधपंप

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला हसू येईल. मी आईचं दूध काढायचा एक जुना हातपंप. एक नरसाळं, एक दांडी आणि खाली बाटली, एवढाच माझा संसार.

मला विकत घेतलं ते कारखान्यात शर्टांना काजं करणाऱ्या एका बाईनं. मुलगी तीन महिन्यांची झाली आणि तिची रजा संपली. लेकीला सासूबाईंच्या मांडीवर देऊन ती कामावर जायची. दुपारी कापडाच्या कोठारात, ताग्यांच्या आडोशाला बसून माझी दांडी दाबायची. बाटली काठोकाठ भरे. सासूबाई फ्रिजमध्ये ठेवलेलं ते दूध दुसऱ्या दिवशी वाटी-चमच्यानं पाजत. "आईनं तुझा डबा कालच भरून ठेवलाय बघ," असं नातीला सांगत. मला फार अभिमान वाटे.

मग घाईचं काम आलं. सुपरवायझर बाई कोठारात येऊन म्हणाल्या, "तुझं मशीन वीस मिनिटं बंद राहतं. वरचे मला जाब विचारतात. आठवडाभर कळ काढ."

"कळ मी काढीन, मॅडम. दुधाला थांब म्हणून कोण सांगणार?"

पण नोकरीच्या धास्तीनं तिनं मला पिशवीतच ठेवलं. तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, दूध साचू देऊ नका म्हणून बजावलं. रजा कुठे उरली होती? ती तशीच कामावर गेली. महिन्याभरात पान्हा आटला. मी कितीही ओढलं तरी बाटलीचा तळ जेमतेम ओला होई.

"वरच्या दुधावरही पोरं वाढतात गं," सासूबाई म्हणाल्या. लेक वाढलीही. पण मला फडताळात ठेवताना तिच्या आईनं तोंड फिरवलं, ते मी विसरलो नाही.

दोन वर्षांनी तिनं मला बाहेर काढलं. कारखान्यातली इस्त्रीवाली बाळंतपणाहून परतली होती. "तू नवा आण, याचं रबर विरलंय. पण दाबायचा कसा ते बघून घे," म्हणत तिनं तिला कोठारात नेलं. मग सुपरवायझर बाईंना म्हणाली, "माझ्या जेवणाच्या सुट्टीत हिची इस्त्री मी करते."

"आज ठीक आहे. रोजचं काय?"

"रोज," ती म्हणाली आणि उपाशीपोटी इस्त्रीला उभी राहिली.

मित्रांनो, माझी काळजी करू नका, मी भंगारातच जाणार. पण मोठेपणी तुमच्या हाताखाली एखादी नवी आई काम करू लागली, तर तिला दार लागणारी खोली द्या, थोडा वेळ द्या. आणि तिच्यावर हे मागायची वेळ आणू नका.