शिंपला

पत्र्याच्या डब्याचं झाकण टक् करून उघडलं आणि कलशापुढे डोळे मिटून बसलेल्या सासूबाईंनी एक डोळा उघडला.

“काय गं ते, सुलेखा?”

“मार्झिपान, आई. शेजारच्या पिलारनं दिलंय. त्यांच्या स्पेनमध्ये नाताळला करतात. आपली बदामाची बर्फीच, फक्त आकार दिलेली.”

डब्यात चंद्र होते, पानं होती, शिंपले होते. वरून छान सोनेरी.

“भलतंसलतं काही नाही ना यात?”

“नाही हो. व्हेजिटेरियन आहे ना, असं विचारूनच घेतलं. बदाम आणि साखर, म्हणाली.”

“तू विचारलंस ना, मग झालं. या क्युपर्टिनोत मी तुझ्याच शब्दावर तर जेवते.”

त्यांनी शिंपला निवडला. लक्ष्मी समुद्रातून आलेली, म्हणून.

माझी विनीता सातव्या महिन्यात जन्मली, काचेच्या पेटीत होती, तेव्हा सासूबाईंनी नागपुरात बोललेलं हे व्रत. पाच वर्षं मार्गशीर्षातले गुरुवार, निर्जळी उपास, कडक सोवळं. चार वर्षं तिकडे झाली. पाचव्या वर्षासाठी, पासष्टाव्या वर्षी, त्या एकट्या विमानात बसून इथे अमेरिकेत आल्या. आज शेवटचा गुरुवार.

नैवेद्य दाखवून झाला. चांदीच्या वाटीतला शिंपला त्यांनी कपाळाला लावून तोंडात टाकला.

“तुझ्या माहेरच्यांनी लग्नात वाढलेल्या बर्फीपेक्षा बरीच मऊ आहे हो.”

मी हसले. त्या एरोग्रामचं पत्र लिहायला टेबलाशी बसल्या, मी वाटी विसळायला घेतली. विनीता ओट्याशी येऊन उभी राहिली.

“मम्मी, आजीनं माझं शेल खाल्लं?”

“तुझं कसं?”

“आय पेंटेड इट. पिलारकडे. ब्रशनं.”

“कशानं पेंट केलंस?”

“यलोनं. पिलारनं एग फोडलं, आणि त्यातलं यलो मला दिलं.”

नळ चालू राहिला. पाणी कढत झालं होतं, हात तसाच त्याखाली होता, आणि तो भाजतोय हे मला उशिरा कळलं. पिलार खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी अंडं म्हणजे काही मांस नाही. इथे सगळ्यांच्याच लेखी नाही, सहा वर्षं राहून मला हे पाठ आहे. ऑफिसच्या पार्टीत नवऱ्याला, श्रीरंगला मीच बजावते, नुसतं व्हेजिटेरियन म्हणू नका, एगचं वेगळं विचारा. आणि आज मी स्वतः विचारलं नाही.

“सुलेखा,” बाहेरून हाक आली, “‘विनीताचं व्रत निर्विघ्न पार पडलं’ असं लिहिलंय माझ्या ताईला. खाली तूही दोन ओळी लिही आणि चिकटवून टाक.”

ओल्या हातांनी बाहेर गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले होते. सासूबाईंनी चष्मा काढला होता.

“पाच वर्षं धास्ती होती गं. माझ्या हातून काही राहिलं तर या पोरीला... जाऊ दे. आज सुटले मी.”

मी एरोग्राम घेतला. निळ्या कागदावर माझ्या बोटाचा ओला ठसा उमटला.

स्वयंपाकघरात येऊन विनीतासमोर खाली बसले. “राणी, आजी एग खात नाही. कधीच नाही.”

तिनं ब्रश धरणारा हात मागे लपवला. कलशाकडे बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली,

“पण मम्मी, देवीनं आधी खाल्लं ना? तिला नाही कळलं?”