श्रावणातली कूपनं

रतनला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं, की बाबा रे, तुझ्या धंद्यातला सगळ्यात भिकार महिना कुठला, तरी त्याने श्रावण असंच सांगितलं असतं. आणि नेमकं तेच त्याला विचारलं गेलं. फोनवर, शेफाली नावाच्या एका मुलीने. ही मुलगी सवलतीची कूपनं विकणाऱ्या कुठल्याशा अ‍ॅपवाल्यांकडे कामाला होती आणि तिचा आवाज असा गोड, की माणसाने नको म्हणायचं विसरून जावं.

"श्रावणात माश्या मारत बसतो बघा महिनाभर," रतन म्हणाला.

"मग ऑफर श्रावणातच लावू, सर. कटिंग-दाढी एकोणपन्नास रुपये. किती कूपनं विकायची, काही मर्यादा ठेवायची का?"

आता श्रावणात कसली आलीय मर्यादा! बसून राहण्यापेक्षा चार डोकी मिळाली तर मिळाली. रतनने 'नको' सांगितलं, मोबाईलवर आलेल्या लांबलचक कागदाखाली बोट टेकवलं आणि मोकळा झाला. वाचतो कोण ते? तुम्ही वाचता? मीही नाही वाचत.

नड होती म्हणूनच तो या भानगडीत पडला. भोरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत रतनचं दोन खुर्च्यांचं दुकान. एका खुर्चीवर तो स्वतः, दुसरीवर कुमार. कुमार नऊ वर्षांपासून अर्ध्या वाटणीवर कामाला. आणि गेल्या पाडव्याला बरोबर समोर काचेच्या दाराचं, गार हवेचं नवं सलून उघडलं होतं. तिथला माणूस दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून बोलवायचा.

पैशाचं एक वेळ सोडा, रतनला धास्ती होती ती आंबवडे गावाची. रतनचा बाप वस्तऱ्या-कातऱ्यांची धोपटी काखेत मारून आंबवड्याला पायी जायचा, झाडाखाली बसून अख्ख्या गावाची डोकी करायचा. सुगीला घरटी धान्य मिळायचं. म्हाताऱ्याचे गुडघे गेले तेव्हा रतनने भोरात दुकान टाकलं, आणि काय सांगू, ते गाव एसटीत बसून त्याच्या मागोमाग आलं! बावीस वर्षं येत होतं. श्रावण संपला की गणपती बसेपर्यंतच्या तीन दिवसांत आंबवड्याचा एकूण एक म्हातारा रतनच्या हाताखालून जायचा. भाव कधी विचारायचा नाही. रतन सांगेल तो. हे लोक एकदा का समोरच्या काचेआड गेले, की आपलं दुकान म्हणजे नुसत्या चार भिंती, हे रतनला पक्कं ठाऊक होतं.

श्रावण लागला. मोबाईल टिंग टिंग वाजायला लागला. 'अभिनंदन, आज नऊ कूपनं विकली गेली.' 'अभिनंदन, आज सतरा.' रतन खुशीत. बायकोला, संजीवनीला, दाखवून झालं. तिने चष्म्यातून पाहिलं आणि विचारलं, "मग आलं किती?"

"येतील की."

कोणी येईना. दुसरा आठवडा गेला, खुर्च्या रिकाम्या. मोबाईल आपला अभिनंदन करतोय. शेवटी एका दुपारी कुमार कात्रीला तेल देता देता थांबला.

"दादा, आपल्याकडं श्रावनात गर्दी का नसती?"

"का म्हंजे? श्रावण पाळत्यात लोक. केसाला कात्री लावत न्हाईत."

"मग कूपन घेतल्यालं तरी लावतील व्हय?"

रतनने हातातला मोबाईल खाली ठेवला.

"ती बी श्रावनच पाळत्यात," कुमार म्हणाला. "मग येनार कवा?"

रतनच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने लगोलग शेफालीला फोन लावला. ती म्हणाली, सर, विक्री श्रावणात, वापर साठ दिवसांत कधीही. तुम्हीच मान्य केलंय. नवी विक्री बंद करते, पण विकलेलं कूपन नाकारता येणार नाही. नाकारलं तर तुमच्याकडून भरपाई, आणि लोक एकच स्टार देतात, सर. सगळ्यांना दिसतो तो.

"इकली किती?"

"तीनशे बारा. अभिनंदन, सर."

दोघांनी जेवणखाण सोडून राबलं तरी दिवसाला पन्नास डोकी. तीन दिवसांत दीडशे. आणि त्यातच आंबवडं! त्या दिवसापासून रतनची झोप गेली. आरशात बघून दाढी करताना स्वतःचाच गाल दोनदा कापला त्याने.

अमावास्या सरली आणि सकाळी शटर उघडायच्या आधीच गल्लीत रांग लागलेली. सगळी तरणी पोरं. शिरवळच्या कंपन्यांचे टी-शर्ट, कानात वायरी. मोबाईल पुढे करायचे, नंबर दाखवायचे आणि खुर्चीत बसायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. कुठून उगवली ही बाहेरची पोरं, रतन मनात चरफडायचा आणि हात चालवायचा. कुमारला त्याने पदरचे पैसे घालून नेहमीच्या भावातली अर्धी वाटणी कबूल केली होती. दोन दिवस असे गेले. आंबवड्याचं कुणीच दिसलं नाही, त्याने तर त्याचा जीव अर्धा झाला. गेले की काय समोर?

तिसरा दिवस हरतालिकेचा. पहिल्या गाडीने आंबवड्याचा सोनबा आला. पंच्याहत्तरीचा म्हातारा, डोक्यावर टोपी, महिन्याची पांढरी दाढी. बरोबर गेनू आणि आणखी पाच-सहा जण. रतनला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

"बसा बाबा! दोन डोकी झाली की तुमचंच."

"हूं दे निवांत. आमाला काय घाई न्हाई."

पण दोनाची चार झाली, चाराची दहा. पोरं मोबाईल नाचवायची, "काका, आमी सहापासून उभं हाय, मग रिव्ह्यू लिहू का?" म्हणायची, आणि रतन त्यांच्यापुढे मान तुकवायचा. म्हातारी मंडळी बाहेर फळीवर बसून राहिली. बारा वाजले. एक वाजला. समोरच्या सलूनवाल्याने दार उघडून हाक मारली, "आजोबा, या की हितं! गार हवा हाय, लगेच नंबर!" गेनूने तिकडे मान वळवली. वळवली ती बराच वेळ तिकडेच ठेवली. रतनला आरशात सगळं दिसत होतं. तिकडे बघता बघता पोराच्या कानाला कात्री लागली.

"ओ काका, बघा की!"

रतनने कात्री खाली ठेवली. तडक बाहेर पायरीवर आला.

"कूपनवाल्यांनी गणपती झाल्यावर यायचं," तो ओरडला. "आज फकस्त माझ्या गावची मान्सं. जा, काय लिहायचं ते लिहा!"

एकच गिल्ला झाला. कुणी व्हिडिओ काढला, कुणी आईबहीण काढली. खिशात मोबाईल टिंग टिंग वाजत राहिला, आणि आता तो अभिनंदन करत नव्हता. पण खरं सांगतो, महिन्याभरात पहिल्यांदा रतनच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याने सोनबाला हाताला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं, गरम पाण्याने दाढी भिजवली, बापाच्या वेळचा ब्रश काढून फेस केला. गुळगुळीत, एक ओरखडा न आणता. डोकं केलं. शेवटी बापाच्या पद्धतीने मानेवर दोन थापट्या मारल्या. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले होते.

"बरं वाटलं रं पोरा."

सोनबा उठला. बंडीच्या खिशात हात घातला आणि घुटमळला.

"तू त्यास्नी हाकललंस तवा म्या घाबारलोच हुतो," तो म्हणाला. "मग म्हनलं, आपल्याला रतन कशाला न्हाई म्हनंल?" आणि त्याने घडी घातलेली एक चिठ्ठी पुढे केली. पेनाने लिहिलेला लांबच लांब नंबर. "आमच्या सार्थकनं घिऊन दिलंय. त्यो शिरवळच्या कंपनीत हाय न्हवं? परवा त्यो आन त्याच्या कंपनीतली आपल्या गावची समदी पोरं बी तुज्याकडंच करून गेली. अक्ख्या आळीला घेतलं त्यानं. गेनूचं हाय, समद्यांचं हाय."

रतनने दाराबाहेर पाहिलं. फळीवर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात कागदाचा चिटोरा होता. बाहेरची पोरं, बाहेरची पोरं म्हणून तो दोन दिवस चरफडला, ती आंबवड्याचीच नातवंडं होती. अ‍ॅपने त्याला नवं एकही गिऱ्हाईक दिलं नव्हतं. त्याचंच गाव त्याला एकोणपन्नास रुपयांना परत विकलं होतं.

"तुला पैशे पोचलं न्हवं ह्याचं?" सोनबाने काळजीने विचारलं.

"पोचलं, बाबा."

"मंग झालं तर." म्हाताऱ्याने टोपी घातली, आरशात एकदा गाल चाचपून पाहिला. दारापर्यंत गेला आणि वळला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"एक इचारू का रं? एकोनपन्नासात भागतंय तुजं, तर इतकी वर्सं आमच्याकडनं दीडशे कसं घेत हुतास?"

अ‍ॅप, शेफाली, मंदी, समोरचं सलून, सगळं रतनच्या जिभेवर आलं आणि त्यातलं एकही त्या म्हाताऱ्याला सांगण्याजोगं वाटेना. सोनबा "ऱ्हाऊ दे, सहज इचारलं," म्हणून पायरी उतरला.

रतनने खुर्चीवरचं कापड झटकलं.

"गेनूकाका, या," तो म्हणाला, आणि गेनू चिठ्ठी हातात धरून आत आला.