खोटा रिपोर्ट

दंडाला पट्टा आवळताना थोरलीने मुद्दाम जरा जास्तच ओढला. समोर बसलेली तिची धाकटी जाऊ, तिसरा महिना चालू असलेली, हाताकडे बघत राहिली. पण ती गप्प कुठली बसायला!

"हात जड आहे हो जाऊबाई तुमचा. बरं झालं, लेकरं सांभाळायची वेळ आली नाही."

अख्ख्या प्रयोगशाळेला ते ऐकू गेलं. थोरलीने सुई मात्र अलगद घातली. बारा वर्षांचा सराव होता, रागातही हात चुकत नसे. नळी भरली, तिने ती स्टँडमध्ये खोचली आणि सरळ जेवायला निघून गेली. हिच्या रक्ताला काय सोनं लागलंय? राहू दे पडून.

तपासणी नवी होती. रक्तातल्या चार-पाच खुणा मोजून गरोदरपणात पुढे मधुमेह होईल का, याचा अंदाज आधीच सांगायचा. त्यातली एक साखर. नळी अर्ध्या तासात मशीनमध्ये फिरवून रक्तपेशी वेगळ्या केल्या नाहीत, तर त्याच साखर खात बसतात आणि आकडा उतरतो. नव्या मुलींना हे थोरलीच बजावायची. ही नळी तिने दोन तासांनी फिरवली.

रिपोर्ट आला : धोका कमी. धाकटीने तो घरभर नाचवला.

"कुणाकुणाला वाईट वाटलं असेल," असं म्हणत तिने तिसऱ्यांदा गोड वाढून घेतलं. तिच्या आईचं पहिलं बाळ याच साखरेपायी गेलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ताट तसंच ठेवून थोरली उठली आणि धाकटी खोलीत गेल्यावर तिच्या मागोमाग आत शिरली.

"उद्या पुन्हा रक्त द्यायला ये."

"का? चांगला आला म्हणून पोटात दुखतंय?"

"तो खोटा आहे. नळी दोन तास पडून होती."

"विसरलात?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

"नाही. राग आला होता तुझा."

धाकटीचा हात पोटावर गेला.

"तोंड बघायची इच्छा नाही मला तुमचं."

"नको बघूस. लॅबच्या साहेबांना मी आत्ताच मोबाइलवर सगळं लिहून पाठवलंय. उद्या दुसरी मुलगी रक्त काढेल."

"दुसरी नको," धाकटी म्हणाली. "तुम्हीच काढा. नळी फिरेपर्यंत मी तिथून हलणार नाही."