ट्रकमागे बसून ऐकणारा अँटेना

मित्रांनो, मी एक जुना अँटेना आहे. पण माझ्यातून कुणी कधी गाणी ऐकली नाहीत. धावत्या गाडीची रेडिओ-हाक दुसऱ्या धावत्या गाडीपर्यंत कशी पोहोचते, वाटेत कुठे विरते, कशावर आपटून वळते, एवढंच ऐकायला मी जन्मलो.

स्वीडनमधल्या लुंड गावी, प्रयोगशाळेच्या तळघरात संशोधक स्टेलाननी पितळी पट्ट्या जोडून मला घडवलं आणि त्यांच्या गाडीच्या टपावर बसवलं. माझा जुळा भाऊ पुढच्या गाडीवर. तो बोलायचा, मी ऐकायचो. पुढच्या गाडीने अचानक ब्रेक दाबला, तर मागच्या गाडीला ते आधीच कळावं, असं गणित स्टेलान मांडत होते. एकच अडचण होती. मध्ये ट्रक आला तर? ते मोजायचं राहिलं होतं, आणि आजारी स्टेलानना डॉक्टरांनी हिवाळ्यानंतरची आशा दिली नव्हती.

म्हणून त्या शरद ऋतूत त्यांची मुलगी यिल्वा गाडी चालवायला आली. दोन्ही गाड्यांच्या मध्ये ओळखीच्या ट्रकचालक गुनवोरबाईचा ट्रक ठेवला. यिल्वाशेजारी बसलेले स्टेलान मोजयंत्राच्या पडद्यावर डोळे लावून खूश झाले.

"वा! ट्रकातून आरपार ऐकू येतंय!"

"बाबा, जरा मान वर करा. ट्रक समोर आहेच कुठे?"

मागे गाडी दिसली, की गुनवोर ट्रक रस्त्याच्या रुंद कडेला घ्यायची. त्या भागातली रीतच ती. सकाळभरचं मोजमाप वाया गेलं.

कॉफीला थांबल्यावर यिल्वा म्हणाली, "अगं, आम्हाला तू आडवीच हवी आहेस."

"मागच्याला वाट द्यावी, एवढं आईने शिकवलंय मला."

"आजच्या दिवस उद्धट हो, बाई!" स्टेलान हसत म्हणाले.

"आणि लोकांनी हॉर्न वाजवले तर?"

"माझं नाव सांग. मी काही फार दिवस शिव्या खायला नाही."

यिल्वाने पेल्यातून नजर वर केली नाही.

मग मात्र गुनवोर रस्त्याच्या मधोमध राहिली. भावाचा आवाज तुटला. मला काहीच ऐकू येईना. आणि अचानक, कुठूनसा बाजूने, अगदी क्षीण असा तो आला!

"हे काय?" स्टेलान पुढे झुकले. "उशिरा आलंय, म्हणजे लांबच्या वाटेने. यिल्वा, बाहेर काय गेलं आत्ता?"

"पाटी होती. मोठी पत्र्याची."

"पाटीवर आपटून आलंय! परत ने, परत ने!"

सूर्य कलेपर्यंत आम्ही त्या पाटीवरून फिरत राहिलो. पाट्या, पूल, लोखंडी कठडे, सगळे त्यांच्या गणितात शिरले. गणित पुरं झालं. बर्फ पडायच्या आधी स्टेलान गेले.

गणिताचं पुढे फार कौतुक झालं. मी खोक्यात पडून होतो. माझ्या तोंडाशी हिरवट गंज चढला. "नवे आलेत, हा भंगारात टाकू या," असं कुणीसं म्हणालं, तेव्हा यिल्वा मला घरी घेऊन गेली. तिने कोरड्या फडक्याने गंज पुसला आणि मला टपावर बसवलं; पुढे माझा भाऊ आणि मध्ये गुनवोरचा ट्रक होताच. रस्त्यातल्या पाट्या ओल्या बर्फाने लिंपल्या होत्या. अशा पाटीवरून आवाज परततो का, हे कुणी मोजलंच नव्हतं.

शेजारची जागा रिकामी होती. "बघू या," ती म्हणाली, आणि निघाली.

मित्रांनो, जुन्या यंत्राला निकामी म्हणण्याआधी एकदा त्याची धूळ पुसा, तार जोडून बघा. कदाचित ते बिघडलेलं नसेल. त्याला प्रश्न विचारणारं माणूस तेवढं गेलेलं असेल.