तार सुटलेलं सतरा नंबरचं पिंप

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी पिंप आहे. दारापासून मोजत आलात तर भिंतीलगतच्या ओळीत सतरावं. म्हणून माझं नाव सतरा. दुसरं नाव मला कोणी ठेवलं नाही.

माझं लाकूड ओकचं. फ्रान्समधल्या एका कारागिराने फळ्या विस्तवावर तापवून वाकवल्या, लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या आणि माझ्या पोटात लाल वाइन भरली गेली. दहा-बारा वर्षांनी लाकडातली चव संपली असं म्हणून त्या लोकांनी मला विकून टाकलं. मला वाटलं, संपलं आपलं. पण ब्रसेल्सच्या पश्चिमेला टेकड्यांमधल्या या गावात आखील आणि गोडेलीव्ह या भावाबहिणीला असंच चव संपलेलं पिंप हवं होतं. नव्या लाकडाने त्यांच्या बिअरची चव झाकून टाकली असती.

आखील फक्त थंडीत बिअर उकळायचा. माळ्यावरच्या रुंद, उथळ तांब्याच्या परातीत ती उघडी ठेवून निववायची. खिडक्यांतून वाऱ्याबरोबर जे येईल त्यावरच ती आंबायची. विकतचं खमीर त्याने कधी घातलं नाही. मग ती आमच्या पोटात एक, दोन, तीन वर्षं पडून राहायची. कुठल्या पिंपातली जुनी आणि कुठल्यातली कोवळी किती मिसळायची, हे गोडेलीव्हची जीभ ठरवायची.

दर शनिवारी ती न्याहारीच्या आधी यायची. माझ्या पुढच्या फळीत एक बारीक भोक आहे, त्यात लाकडी खुंटी. ती खुंटी उपसायची. पेल्यात बारीक धार पडायची. आधी वास, मग एक घोट.

"काय रे म्हाताऱ्या, आज फुरंगटलास का?" ती मला विचारायची.

दारातून आखील ओरडायचा, "लिंबू झालाय की व्हिनेगर तेवढं सांग! गप्पा काय मारतेस?"

"तू परात घास. पेल्यात साखरेचा खडा टाकून पिणाऱ्याने मला चव विचारू नये."

मित्रांनो, आम्हा पिंपांना हात-पाय नाहीत. आपल्या पोटात काय चाललंय ते आम्हाला सांगता येत नाही. आठवड्यातून एकदा कोणीतरी घोटभर आपलं ऐकून घेतं, यासारखं सुख नाही. तीस वर्षं मी शनिवारची वाट पाहिली.

मग आखील गेला. त्याची मुलगी वीर्ले अँटवर्पमधली नोकरी सोडून घरी आली. उकळणं, पिंपं धुणं, बाटल्या भरणं सगळं शिकली. पण चवीचं विचारलं की म्हणायची, "आत्याला विचारा. मला काय कळतंय!"

एका मे महिन्यात माझ्या पोटातली बिअर आजारी पडली. खुंटी काढली तर धार तुटेना. एकतारी पाकासारखी लोंबत राहिली. वीर्लेने पेला नाकापासून लांब धरला.

"शी! आत्या, शेंबूड आहे हा नुसता. ओतून टाकू."

गोडेलीव्हने दोन बोटांत थेंब चोळला. बोटं लांब केली, मध्ये तार ताणली गेली. "तार सुटलीये. उन्हाळ्यात होतं असं."

"मग?"

"मग काय? आजारी माणसाला कोणी गटारात ओततं का? आपली आपण बरी होते. सप्टेंबरपर्यंत हिला हात लावू नकोस."

पुढच्याच आठवड्यात माळ्याच्या जिन्यावरून ती पडली. कमरेचं हाड मोडलं. दवाखान्यातून तिला शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात नेलं, कारण आमच्या घरात सगळीकडे पायऱ्या. शनिवार येत राहिले. ओळीने बाकीच्या पिंपांसमोरून वीर्लेची पावलं जायची. माझ्यापाशी थांबायची नाहीत. तिला माझी किळस बसली होती, आणि मी तिला दोष देत नाही. पण पोटात हळूहळू काहीतरी निवळत होतं, आणि ते पाहायला कोणी नव्हतं.

ऑगस्टमध्ये चौकातल्या खानावळीचा मालक नॉर्बेर आला. त्याला दाराशी ठेवायला दोन मोठ्या कुंड्या हव्या होत्या. एक पिंप मधोमध कापलं की दोन कुंड्या. वीर्लेने माझ्याकडे बोट केलं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तो गाडी आणि करवत घेऊन हजर झाला. वीर्लेने बादली लावली. मला रिकामं करण्याआधी तिने खुंटी उपसली आणि पेला खाली धरला. कदाचित सवयीने, कदाचित आत्याचे शब्द आठवून.

धार पडली आणि तुटली. थेंब सुटे सुटे पडले. तिने पेला खिडकीकडे धरला. सोनेरी, स्वच्छ.

"काय गं, बादली भरतेस की आरशात बघतेस?" नॉर्बेर म्हणाला.

"नॉर्बेर, कुंड्या दुसरीकडे बघ."

"अगं, मी माती आणून ठेवलीये!"

"मग तिच्यात बटाटे लाव."

तिने खुंटी घट्ट बसवली, एक बाटली भरली आणि सायकलवरून आत्याकडे गेली. संध्याकाळी परत आली ती माझ्यासमोर रिकामा क्रेट उलटा करून बसली. पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

आत्याने थेंब बोटांत चोळला म्हणे. "झाली बरी," म्हणाली. मग घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"कशी आहे?" वीर्लेने विचारलं.

"मला नाही कळत, बाळा. औषधांनी जीभ गेली माझी. मला हे नळाचं पाणी. तू सांग."

"मला काय कळतंय, आत्या?"

"मी विचारतेय ना? सांग."

वीर्लेने घोट घेतला. म्हणाली, हिरवं सफरचंद. मग ओला पेंढा. मग तळाशी काहीतरी, पावसाने भिजलेला दगड चाटल्यासारखं. आत्याने डोळे मिटले होते. "अजून," ती म्हणाली. वीर्ले सांगत राहिली. जेवणाची घंटा झाली, टेबलावर पाव, ताजं पांढरं चीज आणि मुळे आले, तरी आत्या म्हणत होती, "अजून सांग."

आता दर शनिवारी वीर्ले माझ्यापाशी थांबते, चव घेते आणि बाटली भरून नेते. गोडेलीव्ह काही मला पुन्हा भेटली नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की मी अजून तिचं समजतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कोणी आजारी पडलं, बिघडलं, तर त्याला ओतून देण्याआधी एकदा खुंटी काढून बघा. आणि तुमच्या घरात कोणाची जीभ, कोणाचे डोळे, कोणाचे कान गेले असतील, तर शेजारी बसा. सफरचंद कसं लागलं ते त्यांना सांगा. ते "अजून" म्हणतील. उठू नका.